भुईवरची झिलई

धुळ्यात देवपुरातल्या आमच्या जुन्या घराची जमीन कोब्याची आहे. १९७८ साली घर बांधले तेव्हा शहाबादी फरशीपुरते पैसे उरले नव्हते. म्हणून वडिलांनी कोबा करून घेतला, आणि तो ओला असतानाच गवंड्याकडून सुताची दोरी मारून त्यावर चौकोन पाडून घेतले. लांबून पाहणाऱ्याला फरशी वाटावी, एवढाच त्यामागचा हेतू. दारापाशी हे चौकोन थोडे तिरके गेले आहेत. पुढे कोब्याला तडे गेले, पोपडे सुटले आणि रोज झाडताना राखाडी भुकटी निघू लागली.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाची नोकरी जळगावला, दुसरीची धुळ्यात. जळगावच्या सदनिकेतल्या गुळगुळीत फरशीला आमचे डोळे सरावले होते. देवपुरात कोणी सहकारी येणार म्हटले, की आम्ही आधी सतरंजी अंथरत असू. ही गोष्ट आम्ही एकमेकांपाशीही कधी बोललो नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या आधी आम्ही जमीन नवी करायचे ठरवले. आखाजी हा खानदेशातला लेकींनी माहेरी येण्याचा सण. घरच्या लेकी येतील तेव्हा आईची जमीन झळकलेली असावी, असे आम्ही सर्वांना सांगत होतो. कारखान्यांच्या जमिनी करणाऱ्या एका ठेकेदाराने इपॉक्सीचा मार्ग सुचवला. कोबा फोडायला नको. यंत्राने घासायचा, तडे भरायचे, अस्तर द्यायचे आणि वर रंगीत लेप ओतायचा. संगमरवरातल्यासारख्या निळ्या-करड्या लाटांचा नमुना पाहून आम्ही भुललो. आईने मात्र एकच वाक्य उच्चारले : "भुई थंडी शे, ऱ्हाऊ द्या तिले." आम्ही ते हसण्यावारी नेले.

इपॉक्सी म्हणजे दोन द्रवांचा संयोग. एक राळ, दुसरा तिला घट्ट करणारा हार्डनर. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी गेल्या शतकाच्या तिसाव्या-चाळिसाव्या दशकांत या राळेवर काम केले. कपाचा तुटलेला कान जोडणारे दोन नळ्यांतले अ‍ॅरल्डाइट आपल्या परिचयाचे आहे. ते याच कुळातले. द्रव एकत्र आले की मिश्रण स्वतःच तापते आणि घट्ट होऊ लागते. भोवतालची हवा जितकी उष्ण, तितका हाताशी वेळ कमी. धुळ्याच्या मे महिन्यात भर दुपारी कालवलेली पहिली बादली पसरण्याआधीच गोळा होऊन बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे काम झाले. पुढची छोटी खोली खरोखरच देखणी दिसू लागली. लेकी आल्या, वाखाणणी झाली. माजघराचे काम पावसाळ्यानंतर करायचे ठरले.

श्रावणात त्या खोलीत फोड आले. पावलाखाली ते दबत, आणि नखाने टोकरले की लेपाचे पापुद्रे निघत. ठेकेदाराने सिमेंटला दोष दिला, आम्ही ठेकेदाराला. दोष खरे तर न विचारलेल्या प्रश्नाचा होता. कोब्याखाली ओल अडवणारा कागद घातलेला नव्हता. त्या काळच्या साध्या घरांतून कोण घालत होते? खाली आपली काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिची ओल इतकी वर्षे कोब्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन निमूट निघून जात होती. आम्ही तिची वाट बुजवली. मग कुठे माजघरात हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या आतल्या अंगाला दव साचले होते. ही परीक्षा बिनखर्चाची होती आणि ती आधी करायची होती.

आईच्या वाक्याचा अर्थ आम्हाला तेव्हा लागला. पारा चव्वेचाळीसवर जातो तेव्हा ती दुपारी माजघरात पाणी शिंपडते. कोबा ते शोषून घेतो, हळूहळू सोडतो, आणि ती त्या गारव्यावर उशाशी हात घेऊन निजते. लेपावर शिंपडलेले पाणी मुरत नाही. ते नुसते साचते आणि म्हाताऱ्या पावलाला घसरवते. वाळू पेरून लेप खरखरीत करता येतो हे खरे. पण मग ती निजणार कुठे?

शब्दांच्या धंद्यात असूनही आम्ही त्या वाक्यातला शब्द ऐकला नव्हता. आम्ही 'जमीन' म्हणत होतो, 'फ्लोअरिंग' म्हणत होतो; ती 'भुई' म्हणाली होती. बहिणाबाईंची कविता आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. अक्षरओळख नसलेल्या या बाईचे शब्द तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवले नसते तर १९५२ चे ते पुस्तकच झाले नसते, हे आवर्जून सांगतो. मराठी धातूंचा कोश रचणारे राजवाडे आमच्याच धुळ्यात १९२६ च्या अखेरच्या दिवशी निवर्तले, हेही सांगतो. आणि घरात बोललेला एक शब्द, बोलीतला म्हणून, हसण्यावारी नेतो. सारवणे, पोतेरे हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांना टिपा देऊन समजवावे लागतात. सारवलेली भुई दर काही दिवसांनी पुन्हा नवी होत असे. एकदाच कायमचे चकचकीत करून मोकळे होण्याची घाई तिला नव्हती.

इपॉक्सीचा यात दोष नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जिथे खाली माती नसून स्लॅब आहे, आम्ही तोच लेप गेल्या हिवाळ्यात रीतसर करून घेतला. पावलाला तो सुखावतो, भुकटी थांबली आहे, आणि आम्ही तेथे आनंदाने लिहितो-वाचतो. उघड्या गच्चीत मात्र तो देऊ नये; उन्हाने पिवळा पडतो. माजघरातले तडे नुसते सिमेंटने भरून घेतले. काळी माती हलली की ते पुन्हा उमटतील, पुन्हा भरू. दारापाशीचे तिरके चौकोन तसेच आहेत.

आईसाठी म्हणून जे करायला निघालो होतो ते आमच्या सतरंजीसाठी होते, हे कबूल करायला एक पावसाळा जावा लागला. परवा एक सहकारी घरी आले. सतरंजी अंथरायची राहून गेली. ते कोब्यावरच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "किती गार आहे हो!" स्वयंपाकघरातून आई काहीच बोलली नाही.