पुसण्याआधीचा क्षण

विज्ञानवार्तांमध्ये यान दिसते, दुर्बीण दिसते, महासंगणकाचा वेग दिसतो. पण विदा जिथे साठते ती हार्ड डिस्क सहसा दिसत नाही. ‘आदित्य-एल1’चेच पाहा. पुण्याच्या ‘आयुका’ने घडवलेली ‘सूट’ ही त्यावरील दुर्बीण 200 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात सूर्याची छायाचित्रे टिपते. बंगळुरूजवळ ब्यालालू येथे इस्रोचे विदा केंद्र आहे. या मोहिमेची विदा तिथे साठते आणि ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नोंदणी केलेल्या अभ्यासकाला ती उतरवून घेता येते. त्यानंतर तिचे काय होते, याची बातमी होत नाही.

बंगळुरूच्या दक्षिणेला, आनेकलमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारी एक मराठी शोधछात्रा डोळ्यांसमोर आणावी. सात महिने तिने या छायाचित्रांतील सौरज्वालांच्या कडा एकेक करून हाताने आखल्या आहेत. एका रात्री अकराच्या सुमारास डिस्कवर जागा उरत नाही, म्हणून ती तात्पुरत्या फाइली पुसण्याची आज्ञा देते. आज्ञेतील उपफोल्डरच्या नावाचा चल चुकून रिकामा राहिलेला असतो. आज्ञा कुरकुर न करता वरच्या फोल्डरवर चालते. छायाचित्रे ‘प्रदान’वरून पुन्हा मिळतील, सात महिन्यांची नजर मात्र कोणत्याही संकेतस्थळावर नाही.

अशी चूक नवशिक्यांच्याच हातून होते असे नाही. डिसेंबर 2021 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर, विदेच्या प्रती घेण्यासाठीच लिहिलेली एक स्क्रिप्ट चालू असताना तिच्या जागी नवी आवृत्ती ठेवली गेली. अर्ध्या वाटेवर स्क्रिप्ट बदलल्याने चलांना मूल्येच उरली नाहीत, आणि दहा दिवसांहून जुने लॉग पुसणारी आज्ञा संशोधकांच्या फाइलींवर चालली. सुमारे 77 टेराबाइट, 3 कोटी 40 लाख फाइली नाहीशा झाल्या. 14 संशोधनगटांना झळ बसली. त्यांपैकी चौघांची विदा परत मिळण्याजोगी नव्हती.

या प्रसंगी कामी येतो तो स्नॅपशॉट. नावावरून तो विदेचे छायाचित्र किंवा प्रत वाटतो. प्रत्यक्षात तो प्रत नसून खाडाखोड न करण्याचा निश्चय आहे. सातबाऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावे झाली की जुने नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात, नवे नाव लिहितात आणि फेरफार क्रमांक टाकतात. स्नॅपशॉटही असाच जुनी नोंद जपतो. डिस्कवरील विदा लहान लहान ठोकळ्यांत असते आणि कोणती फाइल कोणत्या ठोकळ्यांत आहे, याची एक सूची असते. स्नॅपशॉट घेताना ती सूची त्या क्षणापुरती गोठवली जाते आणि तिच्यातील ठोकळे राखीव ठरतात. त्यामुळे तो क्षणार्धात तयार होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही.

पुढे बदल होऊ लागले की दोन रीती संभवतात. लिनक्सवरील एलव्हीएमच्या पारंपरिक पद्धतीत एखाद्या ठोकळ्यावर प्रथमच नवे लिहिण्याआधी जुना मजकूर राखीव जागेत हलवला जातो. ती जागा भरली की स्नॅपशॉट निकामी होतो. झेडएफएस आणि बीटीआरएफएस यांमध्ये नवा मजकूर नव्या जागीच लिहिला जातो, जुना आपल्या ठिकाणी राहतो. म्हणून तिथे फाइल पुसली तरी स्नॅपशॉट असेपर्यंत जागा मोकळी होत नाही. जपण्याची किंमत ती हीच.

मागे फिरण्यातही तारतम्य हवे. संपूर्ण व्हॉल्यूम मागच्या क्षणी नेले की मधल्या काळातील चांगले कामही जाते. एखादाच फोल्डर गेला असेल, तर स्नॅपशॉट उघडून तेवढाच उचलून आणणे शहाणपणाचे.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचार उरले. नेहमीच्या बॅकअप व्यवस्थांपैकी एकही उपयोगी पडली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट तेवढा हाताशी होता. त्यावरून विदा परत उभी राहिली. मधले सहा तास मात्र गेलेच.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. हाताच्या चुकीपासून तो वाचवतो. डिस्क जळाली, चोरीला गेली, तर तोही तिच्यासोबत जातो. वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीला पर्याय नाही, आणि ती प्रत उघडते का, हे मधूनमधून पाहण्यालाही नाही.

आनेकलच्या त्या खोलीत सायंकाळी सहाचा स्नॅपशॉट असेल, तर शोधछात्रा पाच तासांचे काम गमावील आणि चहा करून पुन्हा बसेल. नसेल, तर सात महिने. दोन रात्रींमधला फरक एका ओळीच्या आज्ञेचा आहे. अट एवढीच, की ती पुसण्याच्या आज्ञेआधी दिलेली असावी.