पायाला बांधलेली चिठ्ठी

नवा प्राणी जंगलात सापडतो, असा आपला समज. कोलंबियाच्या अँडीज पर्वतातला छोटा वीझल, म्हणजे लांबट अंगाचा एक शिकारी प्राणी, सापडला तो शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या खणात, मेल्याला पाव शतक उलटून गेल्यावर. फिलिप हर्शकोव्हिट्झ यांनी १९५१ मध्ये सान आगुस्तीनजवळ, सुमारे २७०० मीटर उंचीवर तो मिळवला होता. १९७८ मध्ये रॉबर्ट आयझॉर आणि लुईस दे ला तोरे यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती ठरवलं आणि हर्शकोव्हिट्झ यांच्याच नावावरून ‘फेलिपेई’ म्हटलं.

नमुने होते अवघे दोन.

संग्रहालयासाठी नमुना तयार करण्याच्या कामात घाई चालत नाही. शेपटी आणि मागचं पाऊल ताज्या शरीरावरच मोजायचं, कारण कातडं वाळलं की माप बदलतं. मग कातडं सोलून त्यात कापूस भरायचा. कवटी भुंगेऱ्यांच्या हवाली करायची. मांस खाणारे हे किडे संग्रहालयं मुद्दाम पाळतात. त्यांच्याइतकी सफाई माणसाच्या हाताला जमत नाही. शेवटी पायाला चिठ्ठी बांधायची: गाव, उंची, तारीख, नर की मादी. कातडं कितीही देखणं असो, चिठ्ठी हरवली की त्याची किंमत शोभेपुरती.

अँडीजमध्ये लांब शेपटीचा वीझलही राहतो. त्याच्या शेपटीचं टोक काळं, तळवे केसाळ. या नव्याचे तळवे उघडे, बोटांमध्ये पडदा. अंग जेमतेम २२ सेंटिमीटर, शेपटी त्याच्या निम्मी. पडद्यावरून तो पाण्यात उतरत असावा असा अंदाज बांधला गेला. आपलं पाणमांजर याच कुळातलं, त्यामुळे अंदाज पटतो. पण पुरावा तेवढाच.

खणातच कशाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखतही चुकीच्या नावाने प्राणी किती सुखात नांदतो पाहा. रॅकूनच्या कुळातली एक ओलिंगिटो १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतून फिरत होती. सगळे तिला त्याच कुळातली ओलिंगो समजत. जोडी काही जमेना! क्रिस्टोफर हेल्गेन यांना तिच्या जातीच्या कवट्या याच फील्ड म्युझियममध्ये दिसल्या आणि २०१३ मध्ये प्रजाती जाहीर झाली. अमेरिका खंडांत मांसभक्षी गणातला नवा प्राणी फेलिपेईनंतर ३५ वर्षांनी मिळाला होता.

आणि फेलिपेईचं जिवंत दर्शन? २०११ मध्ये काली शहराबाहेरच्या एका घराच्या न्हाणीघरात तो शिरला, घरच्या माणसाने फोटो काढले. पुढे ते आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर आले, तेव्हा जाणकारांनी त्याला ओळखलं. तुमच्याही परसात अनोळखी प्राणी आला तर फोटोसोबत तारीख आणि गाव तेवढं जरूर लिहा.