गरम गाडीचं दुखणं

"मिस्तरी, थंड असली की पहिल्या किकात चालू होती. धा-बारा किलोमीटर गेलं की मान टाकती बघा." जालन्यात जुन्या मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याला उन्हाळ्यात हे वाक्य कायम ऐकावं लागतं. बोलणारा गाडी ढकलत आणतो, घामाने निथळतो आणि माझ्यासमोर किक मारतो तर गाडी चालू! दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा तसं. मग तो बिचारा ओशाळतो. खरं तर तो खोटं बोललेला नसतो. ढकलत आणेपर्यंत इंजिन निवलं, आणि इंजिनाबरोबर दोषही निवला.

म्हणून अशी गाडी मी लगेच खोलत नाही. उभ्या, थंड गाडीत हा दोष सापडायचा नाही. ती आधी पळवायची, तापवायची आणि तिला माझ्यासमोर बंद पडू द्यायची. खिशात प्लगपाना, एक चांगला प्लग, स्क्रू ड्रायव्हर आणि ओला फडका. राजूरच्या रस्त्याला लागायचं आणि वाट बघायची. गाडी बंद पडावी म्हणून वाट बघणारा माणूस लोकांना वेडा वाटतो, पण माझ्या धंद्यातलं निम्मं काम तेच आहे.

मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. जुन्या गाडीला रेडिएटर नाही. ब्लॉकवरच्या फिनांना वारा लागेल तेवढाच गारवा. त्या फिनांत गळक्या ऑईलवर काळ्या मातीची धूळ बसून पोळीसारखा थर झालेला असतो. मागे मोसंबीचे दोन कॅरेट, पुढे सळईचा ट्रक, मोंढ्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत जायचं. अंगारकीला राजूरच्या गणपतीला निघालेल्या गर्दीत तर गाड्यांची कसोटीच लागते. उन्हाने नवा दोष क्वचितच होतो. असलेला मात्र लपत नाही.

गाडी बंद पडली की बहुतेक जण किकवर किक हाणतात. माझ्या उस्तादांनी तिथेच हात धरायला शिकवलं. गाडी निवायच्या आत पाच-सात मिनिटं मिळतात, ती किकांत घालवायची नाहीत. पहिलं काम, पेट्रोल टाकीचं झाकण उघडायचं आणि कान द्यायचा.

भोकरदनकडचे एक मामा सांगत होते की त्यांची गाडी रोज एकाच लिंबाखाली बंद पडते. तिथे थोडं बसलं की पुन्हा चालू. घरच्यांनी त्या जागेवर नारळसुद्धा फोडला होता. मी त्यांच्या मागे बसून गेलो. लिंब यायच्या थोडं आधी गाडी मिसिंग मारायला लागली आणि बरोबर सावलीत थांबली. झाकण फिरवलं तर आत हवा ओढली गेल्याचा 'सुस्स' आवाज आला. पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घातली होती आणि पावसाळा संपल्यावर ती तशीच राहिली होती. झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यावी लागते. हवा आली नाही की टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरायचं थांबतं, कार्बोरेटर कोरडा पडतो. मामांचं घर ते लिंब एवढ्या अंतरात टाकी तेवढी ओढली जायची. याचा गरमपणाशी काहीच संबंध नाही, पण माणसाला वाटतं गाडी तापली म्हणून बसली. पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. मामा लिंबाकडे बघत म्हणाले, "नारळ गेला म्हणायचा."

झाकणाने फरक पडला नाही तर प्लग काढायचा, टोपीत घालून हेडला टेकवायचा आणि किक मारायची, अर्थात टाकी-कार्बोरेटरपासून लांब धरून. निळा, कडक करंट आला तर वीज ठीक. पिवळट, मरगळलेला आला किंवा आलाच नाही तर कॉईल, आणि जुन्या पॉइंटवाल्या गाडीत कंडेन्सर. कॉईलमध्ये केसासारखी तार हजारो वेढे घालून गुंडाळलेली असते. आत कुठे ती तुटत आली असेल, तर थंडपणी टोकं चिकटून राहतात आणि तापून तार ताणली की सुटतात. म्हणूनच गॅरेजात मीटर लावला की कॉईल 'चांगली' निघते. इथे ओला फडका कामाला येतो. गरम कॉईलवर तो गुंडाळायचा. क्षणभरात गाडी चालू झाली तर चोर सापडला. ब्लॉकवर मात्र पाणी ओतायचं नाही. तापलेल्या बिडाला तडा जायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात मी संशयित कॉईल दुपारी शेडच्या पत्र्यावर ठेवतो, चटका बसेल इतकी तापली की मीटर लावतो. जालन्याच्या उन्हाचा एवढा तरी फायदा करून घ्यावा.

करंट चांगला, पेट्रोल चांगलं, आणि तरी गरम गाडी चालू होत नाही, झालीच तर स्लोवर टिकत नाही, चढाला दम टाकते, तर फोर स्ट्रोकमध्ये माझा संशय टॅपेटवर जातो. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि पुढे अशी इंजिनं खेडोपाडी पोचली. त्यात टॅपेटची फट 0.05 मिलीमीटर ठेवायची, तीही इंजिन पूर्ण थंड असताना, मॅग्नेटवरची 'टी'ची खूण जुळवून, पिस्टन कम्प्रेशनला वर आणून. फिलर गेजचं पातं त्या फटीतून जरासं अडखळत, ओढत यायला हवं. सुळकन आलं तर ढिलं, वाकलं तर घट्ट.

गिऱ्हाईक येतं ते म्हणतं, "आवाज येतोय, टॅपेट आवळा." अनेक ठिकाणी गाडी गरम असतानाच ते कानाने आवळून दिलं जातं. आवाज जातो, मालक खूश. शिवाय वापराने व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो, तशी फट आपोआपही कमी होते. तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट उरलीच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कम्प्रेशन निसटतं. शिवाय व्हॉल्व्ह निवतो तो सीटला टेकून. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळतो. ओळखायचं कसं? गरम इंजिनाची किक हाताने सावकाश दाबायची. तळहाताला एक ठोस अडथळा लागला पाहिजे. घट्ट टॅपेटच्या गाडीत किक मऊ लागते, लोण्यात बोट जावं तशी नुसती खाली जाते. टकटकणारं टॅपेट मला चालतं. मुक्या टॅपेटची मला भीती वाटते.

टू स्ट्रोकचं दुखणं वेगळं. मैसूरचा येझदीचा कारखाना 1996 साली बंद पडला, यामाहा आरएक्स 100 सुद्धा त्याच वर्षी थांबली. हल्ली कॉलेजची पोरं या गाड्या शोधून आणतात, रंग नवा, सायलेन्सर चकचकीत, आणि क्रँकचे ऑईल सील तीस वर्षांपूर्वीचे. कडक झालेला सील तापल्यावर हवा ओढतो. थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही, हे त्याचं लक्षण. त्या गाडीवर जोर केला तर पिस्टन चिकटतो.

अलीकडे सगळ्याचं खापर पेट्रोलवर फुटतं. 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि गरम गाडी बसली की गिऱ्हाईक आधी त्याचंच नाव घेतं. त्यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. तशा गाडीचा जेट एक नंबर मोठा घालून बघतो, पाइप बदलतो. पण पेट्रोलला शिव्या देण्याआधी झाकण उघडावं, एवढं माझं म्हणणं असतं.

अडचण पैशाची. कॉईल बदलली तर माणूस मुकाट्याने पैसे मोजतो, कारण जुनी कॉईल त्याच्या हातात दिसते. दुपारच्या उन्हात राजूरपर्यंत जाऊन झाकणाचं भोक टाचणीने मोकळं केलं तर म्हणतो, "टाचणीचे कसले पैसे, मिस्तरी?" म्हणून आता गाडी घेतानाच सांगतो की शोधायचे पैसे वेगळे, दोष काहीही निघो. काही जण तिथूनच गाडी वळवतात. भोकरदनच्या मामांनी दिले. वर विचारलं, नारळाचे यातून वळते करता का.