चिवट बिऱ्हाडकरू

कुत्र्याचे पिल्लू घरी आणण्यास पैसा लागत नाही, संमती लागते. आमच्या घरात ही संमती देण्याचा अधिकार आजीचा. आणि ती मिळविण्यात आम्हां तिघा भावंडांची सबंध उन्हाळ्याची सुटी खर्ची पडली. अखेर माळ्यावर उंदीर फार झाले आहेत, एवढ्या एका निमित्ताने तिने मान डोलावली. कुत्रे उंदीर धरते की नाही, हा प्रश्न तिने विचारला नाही आणि आम्हीही तो काढला नाही.

बुऱ्हाणपुरात ज्या मोहल्ल्यांतून पॉवरलूमची खडखड अहोरात्र चालते, त्यांपैकी एकात, कारखान्याच्या परसात, सुताच्या चिंध्यांच्या ढिगावर एक कुत्री व्याली होती. तिच्या पाच पिल्लांतील तांबूस रंगाचे, एका कानावर पांढरा ठिपका असलेले पिल्लू आम्ही निवडले. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीमाईचा जन्मोत्सव झाला आणि त्यानंतर दोन दिवसांनी, भर पावसात, हे पिल्लू ताईच्या ओढणीत गुंडाळून घरी आले. वय सुमारे सात आठवडे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने मोठ्या कौतुकाने त्याला पिशवीत घालून काट्यावर ठेवले. वजन भरले २ किलो १०० ग्रॅम. नाव ठेवले खंड्या.

येथून पुढे आम्हांला एका अशा गोष्टीचा वारंवार उल्लेख करावा लागणार आहे, जिचे नाव शाळेच्या वार्षिक अंकात सहसा छापत नाहीत. परंतु ती वगळली तर ही हकीकतच उरत नाही. तेव्हा वाचकांनी नाकाला रुमाल लावून पुढे वाचावे.

पाचव्या दिवशी खंड्याला जुलाब सुरू झाले. आजीने पाहिले मात्र, आणि निदान केले, “जंत!” तिच्या मते लहान मुले आणि लहान जनावरे यांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ जंतांत असते आणि त्यावरचे औषध वावडिंग. तथापि आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. गंमत अशी की डॉक्टरांनीही प्रथम आजीचाच पक्ष घेतला. पिल्लांना गोलकृमी बहुधा आईच्या पोटात असतानाच लागतात, म्हणून प्रत्येक पिल्लाला ठरावीक दिवसांनी जंतांचे औषध द्यावेच लागते, असे त्यांनी सांगितले. औषध दिले. दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे पांढरे जंत पडले. आजीची मुद्रा दिवसभर विजयी होती.

जुलाब मात्र थांबले नाहीत. ते पाण्यासारखे नव्हते. मऊ, पिवळट, तुपकट आणि कमालीचे दुर्गंधीयुक्त असे त्यांचे स्वरूप होते. आणि आश्चर्य हे की खंड्या आजारी दिसत नसे. तो खात असे, खेळत असे, बाबांच्या चपला ओढून नेत असे. केवळ तो वाढत नव्हता. तीन आठवड्यांनी दुकानदाराने त्याला पुन्हा काट्यावर ठेवले तेव्हा काटा २ किलो १५० ग्रॅमवर थांबला. एवढ्या अवधीत त्याच्या कारखान्यातील भावंडांची अंगे चांगली भरली होती. खंड्याच्या बरगड्या बोटांना लागू लागल्या. खाल्लेले अन्न जात होते कोठे?

डॉक्टरांनी ताजा नमुना मागविला आणि त्याचा एक ठिपका काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. क्षणभर पाहून त्यांनी आम्हांला हाक मारली. आम्ही पाळीपाळीने डोळा लावला. प्रारंभी काहीच उमगले नाही. मग त्या धूसर पसाऱ्यात काहीतरी हलताना दिसले. पेरूच्या फोडीसारखा, एका टोकाला निमुळता झालेला एक जीव. झाडावरून गळालेले पान जसे हेलकावे खात खाली येते, तसा तो स्वतःभोवती कलंडत चालला होता. त्याच्या अंगात दोन केंद्रके असतात. रंग देऊन पाहिले की ती जणू दोन डोळेच भासतात आणि तो जीव आपल्याकडे टक लावून पाहत आहे असे वाटते. लांबी म्हणाल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडीशी अधिक. आठ शेपट्यांचा हा प्राणी जंत नव्हे. तो एकाच पेशीचा आदिजीव, त्याचे नाव जिआर्डिया. वावडिंगाची हकीकत येथे संपली.

हा जीव प्रथम पाहणारा मनुष्य शास्त्रज्ञ म्हणून शिकलेला नव्हता, हे आम्हांला मागाहून वाचनात आढळले. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून तो दिसेल ते पाहत असे. १६८१ साली त्याचे स्वतःचेच पोट बिघडले असता त्याने तेही भिंगाखाली धरले आणि हे हलणारे जीव त्याला दिसले. आमच्या गावातही धागे मोजण्यासाठी भिंग वापरणारे कापडवाले आहेत. त्यांनी भिंग केवळ कापडावर धरले, यात त्यांचा काही दोष नाही. पण आम्हांला त्या डेल्फ्टकराविषयी फार आपलेपणा वाटला.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. हा जीव रक्त पीत नाही की आतड्याला भोक पाडत नाही. लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला तो पोटाखालच्या चकतीने घट्ट चिकटून बसतो. त्याची संख्या वाढली की अन्नातील सत्त्व, त्यातही स्निग्धांश, अंगात नीट शोषला जात नाही. म्हणून मळ तुपकट आणि पिल्लू कोरडे. आम्हांला वाड्यातील ते जुने बिऱ्हाडकरू आठवले, जे भिंत पाडत नाहीत, भांडण करीत नाहीत, आणि जातही नाहीत.

पहिले औषध मेट्रोनिडॅझोल. (मात्रा येथे लिहीत नाही. ती पिल्लाच्या वजनावर ठरते आणि डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.) ते इतके कडू की ते जिभेला लागताच खंड्याच्या तोंडाला फेस आला आणि त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आम्ही अद्याप विसरलो नाही. पाच दिवस हा प्रसंग सकाळ-संध्याकाळ घडला. सहाव्या दिवशी मळ बांधून झाला. घरात पेढे वाटण्याचेच काय ते उरले होते. परंतु बारा दिवसांनी तोच पिवळा रंग आणि तीच दुर्गंधी परत आली.

त्या रात्री घरात प्रथमच गंभीर बोलणे झाले. काकांची मुलगी चार वर्षांची. ती दिवसभर खंड्याच्या गळ्यात पडलेली. तिला हा रोग लागला तर? काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मुलीला उचलून आत नेले, आणि ते आम्हांला बोलण्यापेक्षा अधिक लागले. आजीने निर्णय दिला, “दिवाळीला घर शुद्ध हवे. लक्ष्मीपूजनापर्यंत बरे झाले तर राहील. नाही झाले तर जेथून आणले तेथे पोहोचवून या.”

आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे हा प्रश्न मांडला. त्यांनी भीती घातली नाही आणि खोटा दिलासाही दिला नाही. या जीवाचे अनेक प्रकार आहेत; कुत्र्यांत बहुधा आढळतात ते दोन प्रकार मुख्यतः कुत्र्यांपुरतेच राहतात, आणि माणसाला बाधणारे प्रकार कुत्र्यात क्वचितच सापडतात. म्हणून धोका थोडा. पण मुळीच नाही असे नव्हे. गोलकृमींची अंडी लहान मुलांना अधिक घातक, आणि तीही मातीतूनच पोटात जातात. तेव्हा पिल्लाला हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पिल्लाला तोंड चाटू न देणे, आणि धाकटीने काही दिवस दूर राहणे, एवढे पथ्य पाळावे. काकूंनी ते ऐकले आणि मोरीपाशी साबणाची नवी वडी ठेवली.

मग आम्ही विचारले, औषध लागू पडले होते, तर रोग परत का आला? या प्रश्नाच्या उत्तरातच आमच्या पुढील दोन महिन्यांचे काम दडलेले होते. आतड्यातील जिआर्डिया बाहेर पडण्यापूर्वी स्वतःभोवती एक कवच तयार करतो. या कवचबंद पुट्या मळावाटे लाखोंच्या संख्येने पडतात. थंड आणि ओल्या जागी त्या आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, नळाच्या पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनलाही सहसा दाद देत नाहीत. औषध पोटात काम करते. अंगणात त्याची सत्ता नाही. पिल्लू स्वतःचे अंग चाटते, अंगणातील डबक्यात तोंड घालते, आणि घालवून दिलेला बिऱ्हाडकरू मागील दाराने परत येतो. माणसाच्या बाबतीत अवघ्या दहा पुट्या पोटात गेल्या तरी रोग जडू शकतो, असे प्रयोगान्ती सिद्ध झालेले आहे. पिल्लाचा हिशेब याहून फारसा उदार नसावा.

या शत्रूला दोन गोष्टी मानवत नाहीत, उकळते पाणी आणि कोरडेपणा. पहिली गोष्ट आमच्या हातात होती, दुसरी नव्हती. श्रावण-भाद्रपदात आमच्या वाड्याचे अंगण कोरडे करणे म्हणजे तापीला पूर आलेला असताना राजघाटाच्या पायऱ्या पुसण्यासारखे. फरशीवर शेवाळ, कोपऱ्यात ओल, पागोळ्यांखाली डबके. दुसऱ्या खेपेस डॉक्टरांनी फेनबेंडॅझोल हे दुसरे औषध दिले. खंड्याने ते दहीभातातून आनंदाने खाल्ले. आम्ही रोज विष्ठा तत्काळ उचलून पुरत होतो, त्याची ताटली उकळत्या पाण्यात घालीत होतो, पिण्यास उकळून गार केलेले पाणी देत होतो. तरीही गणपती विसर्जनानंतर आठवड्याभरात जुलाब तिसऱ्यांदा सुरू झाले. त्या दिवशी आमच्यापैकी मधला जेवला नाही.

याच सुमारास शाळेची सहल लालबागकडील कुंडी भंडारा पाहण्यास गेली. बुऱ्हाणपूरकरांना त्याचे नावीन्य नाही. परंतु बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, की ज्यांचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात वाचतो त्या अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भुयारांत गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही योजना झाली. भुयारावर ठिकठिकाणी कुंड्या आहेत, आणि त्यांचे गोल कठडे जमिनीपासून चांगले उंच बांधलेले आहेत. यापूर्वी ते कठडे आम्ही कितीदा तरी पाहिले असतील. त्या दिवशी मात्र आम्ही तिघेही त्यांच्याकडेच पाहत राहिलो. अंगणातील घाण वाहून पिण्याच्या पाण्यात जाऊ नये, एवढीच आमची सध्याची विवंचना, आणि येथे ती चारशे वर्षांपूर्वी दगड-चुन्यात बांधून ठेवलेली.

घरी येताच ताईने सुचविले, “आपले अंगण कोरडे होत नाही ना? मग खंड्याचेच बिऱ्हाड हलवू या.” गच्चीवर पत्र्याची एक पडवी आहे. तेथे पाणी साचत नाही, शेवाळ नाही, आणि ढग फाटले की सर्वांत आधी ऊन तेथेच येते. आम्ही गच्ची घासली, तीवर उकळते पाणी ओतले आणि ती दोन दिवस वाळू दिली. दोन गोणपाटे केली. एक खंड्याखाली, एक उन्हात. आश्विनातील ते ऊन, ज्याला सारे जग ऑक्टोबर हीट म्हणून नावे ठेवते, आम्हांला अमृतासारखे वाटले.

औषध तेच, पाच दिवस. या वेळी डॉक्टरांनी एक गोष्ट वाढविली. औषधाच्या अखेरच्या दिवशी त्याला साबण लावून स्वच्छ स्नान घालावयाचे, विशेषतः मागील पाय आणि शेपटीखालचा भाग. कारण पुट्या केसांना चिकटून राहतात आणि चाटण्यातून पुन्हा पोटात जातात. स्नानानंतर त्याला खाली ठेवण्यापूर्वीच गोणपाट बदलले. त्याची कारखान्याकडील फेरीही बंद केली. त्याच्या आईचा नमुना तपासला होता. तिच्या पोटात तेच बिऱ्हाडकरू होते आणि ती मात्र ठणठणीत होती. धडधाकट मोठ्या कुत्र्यांत असे पुष्कळदा असते, आणि मग डॉक्टर काचपट्टीवर नव्हे, जनावरावर इलाज करतात. म्हणून तिला त्यांनी औषध दिले नाही.

पुट्या रोज पडतात असे नाही. एक नमुना निर्दोष निघाला म्हणून काही सिद्ध होत नाही. म्हणून एक दिवसाआड तीन नमुने द्यावयाचे ठरले. चाचणी परीक्षेच्या दिवसांत आम्ही पाळीपाळीने सायकलवरून ती लहानशी डबी नेत होतो. पहिला नमुना निर्दोष निघाला. दुसराही तसाच. तिसरा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दिला. डॉक्टरांनी पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवीत नेली, पुन्हा परत आणली, आणि डोळा न उचलताच “काही नाही” म्हणाले.

बाबा म्हणतात, गुण औषधाचा. आजी म्हणते, उन्हाचा. शेवटी तिच्याच देवाने ढग नेले. आमच्या मते एकट्या औषधाने दोनदा हार खाल्ली होती आणि एकट्या उन्हाला पोटाच्या आत जाता आले नसते. हा वाद दिवाळीच्या फराळापर्यंत चालला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खंड्या खाली अंगणात होता. फटाक्यांना घाबरून तो आजीच्या पाटाखाली शिरला आणि तिने त्याला हाकलले नाही. धाकटीने आधी दोन्ही हात धुऊन आम्हांला दाखविले, मग त्याला उचलले, आणि नंतर पुन्हा धुतले.

पाडव्याला आम्ही त्याला किराणा दुकानात नेले. तो आता पिशवीत मावेना, म्हणून दुकानदाराने गुळाच्या भेलीसाठी ठेवलेला मोठा काटा काढला. ५ किलो ८०० ग्रॅम. नवीन वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून झाला होता. त्याखाली त्याने हा आकडा टिपून घेतला आणि पुढे लिहिले, उधार.