विमान वर गेल्यावर

मी चित्रपटांची अभ्यासक नव्हे. साहित्य शिकवणे हा माझा व्यवसाय आणि वर्षातून आठ-दहा वेळा कोथरूडच्या चित्रपटगृहात जाऊन बसणे ही सवय. एवढाच माझा अधिकार. तरीही अलीकडचे विज्ञानपट आणि ॲनिमेशनपट पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवली, ती नोंदवते. या चित्रपटांची चर्चा बहुधा तंत्राभोवती फिरते. ग्रह कसा दिसला, यान किती खरे वाटले, खर्च किती आला. मला घरी परतल्यावर आठवत राहते ते जमिनीवर मागे राहिलेले कुणीतरी.

आपल्याला हे नवे नसावे. 'प्रभात'ने १९३६ साली पुण्यात काढलेल्या 'संत तुकाराम'मध्ये अखेरीस गरुडाच्या रूपातले विमान आकाशात झेपावते. त्या काळी ती तंत्राची कमालच होती. पण त्या दृश्याला वजन येते ते जिजाईमुळे. वैकुंठाचे विमान वर जाते आणि संसार सोडू न शकणारी ती खाली राहते.

नोलनच्या 'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) कृष्णविवर आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली याच नावाची कथा लिहिली असल्याने मराठी वाचकाला त्याचे अप्रूप नाही. कूपर एका ग्रहावरून यानात परततो, तेव्हा पृथ्वीवर २३ वर्षे उलटलेली असतात आणि मुलांचे साठलेले निरोप तो एकामागून एक पाहू लागतो. कृष्णविवराच्या भव्य दृश्यापेक्षा ही काही मिनिटे मला मोठी वाटतात. 'द वाइल्ड रोबॉट'मध्ये (२०२४) यंत्राने वाढवलेले हंसाचे पिल्लू थव्याबरोबर दूरदेशी निघते. उडायला तिनेच शिकवलेले असते. आता ती कड्यापर्यंत धावते आणि थांबते. 'ड्यून'च्या दुसऱ्या भागाचा (२०२४) शेवटही विजेत्या पॉलवर होत नाही, वाळवंटात एकट्या उभ्या असलेल्या चानीवर होतो.

उलट 'कल्की २८९८ एडी'मध्ये (२०२४) वर अधांतरी 'कॉम्प्लेक्स' आणि खाली तहानलेली काशी, अशी विलक्षण मांडणी हाती असूनही खालची माणसे गर्दीपलीकडे जात नाहीत. पडदा भरतो, मन भरत नाही.

माझी ही निवड अलिप्त नाही, हे सांगायला हवे. माझा मुलगा अकरा वर्षे कॅलिफोर्नियात आहे. रविवारी सकाळी साडेनऊला त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा त्याच्याकडे अजून शनिवारची रात्र असते. नातीचे दुधाचे दात पडले आणि नवे आले, ते मी पडद्यावरच पाहिले. त्याने जावे म्हणून शिकवण्या लावल्या त्या आम्हीच, तक्रार नाही. आमच्या सोसायटीत अशी सात घरे आहेत. जिजाई खाली राहिली ती पोराबाळांसाठी. इथे पोरेच विमानात बसली आहेत.

मराठी कथा-कादंबरीने हा विरह पुष्कळ लिहिला. मराठी विज्ञानपटाने त्याला अजून हात घातलेला नाही. सुजय डहाकेच्या 'फुंतरू'ने (२०१६) अभियांत्रिकी महाविद्यालयातली विज्ञानकथा रचण्याचे धाडस केले. पण तिचा विषय प्रेयसीची संगणकीय प्रतिमा हा होता. पैसा नाही, ही सबबही आता पूर्वीइतकी पटत नाही. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने 'फ्लो' (२०२४) हा पुरात सापडलेल्या मांजराचा चित्रपट ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला. त्यात एक शब्दही बोलला जात नाही, आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

मंगळावर वस्ती झाली, तर तिथे जाणाऱ्यांत कोथरूडची मुले असतीलच. त्यांची यात्रा दाखवणारे अनेक निघतील. ज्या घरातून ती निघतील, तिथे संध्याकाळी दिवा कोण लावते आणि निरोप पोहोचायला लागणारी मिनिटे कशी मोजली जातात, हे मला मराठीत पाहायचे आहे.