पोपट आणि कीडाजडी

मार्चच्या सुट्टीत द्वारकेला घरी गेलो. आमच्या घरासमोरच्या जुन्या पिंपळाच्या ढोलीत पहाडी पोपटांची जोडी राहते. साध्या पोपटापेक्षा मोठी, लाल जाड चोच, आणि खांद्यावर फीत लावावी तसा लाल पट्टा. आययूसीएन ही संस्था या जातीला धोक्याच्या उंबरठ्यावर मानते.

आमच्या कपाटात एक छोटी बाटली आहे. बाबा पिथौरागढला असताना त्यांना कुणीतरी कीडाजडी भेट दिली होती. वाळलेली अळी आणि तिच्या डोक्यातून निघालेली तपकिरी काडी. ही खरे तर बुरशी. उंच हिमालयात मातीतल्या पतंगाच्या अळीला ती आतून खाते आणि बर्फ वितळला की जमिनीवर डोके काढते. औषध म्हणून ती किलोला लाखो रुपयांना विकली जाते. 2020 मध्ये आययूसीएनने तिलाही धोक्यातल्या जातींच्या यादीत घेतले.

"पोपटासाठी आई गच्चीवर पाणी ठेवते. बुरशीसाठी कोण हळहळणार?" मी बाबांना विचारले.

ते म्हणाले, "दोघांना नेतात कसे, ते बघ."

मग माझ्या लक्षात आले. पोपटाची पिल्ले पंख फुटण्याआधीच ढोलीतून काढतात. कीडाजडी बीजाणू सोडण्याआधीच उपटतात, कारण कोवळीला भाव जास्त. मोठे पोपट उडताना दिसतात, कुरणही हिरवेच दिसते, म्हणून नुकसान कळत नाही. "जवान निवृत्त होत राहिले आणि भरती बंद पडली, तर पलटण किती दिवस टिकेल?" बाबा म्हणाले.

माझी मान खाली गेली. सहावीत असताना मीच हट्ट करून पहाडी पोपटाचे पिल्लू आणायला लावले होते. अंगावर पुरती पिसेही नव्हती. नाव ठेवले विठू. अकराव्या दिवशी ते गेले. पोपट पकडणे, पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हते.

धारचुला, मुनस्यारीकडच्या गावांत कीडाजडीच्या पैशांवर मुलांची शिक्षणे होतात. 'तोडूच नका' असे द्वारकेत बसून मी कसे म्हणू? पण काही काड्या बीजाणू पडेपर्यंत राहू दिल्या, तर पुढच्या वर्षी त्याच गावांना मिळतील.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दोन मुले लांब काठी घेऊन पिंपळाखाली आली. मी खाली गेलो. ओरडलो नाही, त्यांना विठूची गोष्ट सांगितली. ती काठी तिथेच टाकून गेली. वर ढोलीतून कर्कश ओरडा चालूच होता.

कीडाजडीला ओरडता येत नाही. म्हणून तिच्यासाठी हे लिहिले.

– एक कॅडेट, इयत्ता अकरावी