माकडांनी काढलेला नकाशा

चोराचा माग काढणे आणि तापाचा माग काढणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही. आला कोठून आणि आता शिरणार कोणाच्या घरात, हेच दोन प्रश्न दोन्हीकडे असतात. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना तापाचा विषय काढला म्हणून घरची वडील माणसे मला बोलतील. पण ही हकीकत मला एखाद्या रहस्यकथेपेक्षा अधिक आवडते, आणि तिचे एक टोक आपल्या पुण्यात आहे.

१९५७ सालच्या मार्चची गोष्ट. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे रान आहे. त्या रानात वानरे आणि माकडे मरून पडू लागली, आणि आसपासच्या गावांतली माणसे तापाने अंथरूण धरू लागली. खबर पुण्याला, १९५२ साली सुरू झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये पोचली. (हीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था.) तेथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळाच आला असला पाहिजे. कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वर माणसांत येण्याआधी रानातली माकडे पटापट मरतात. हिंदुस्थानात पीतज्वर कधी आलेला नव्हता. पण तो वाहून नेणारा डास मात्र आपल्या हौदांत आणि रांजणांत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत होता.

शोधाअंती पीतज्वर सुटला आणि डासही सुटला. गुन्हेगार निघाली गोचीड. तिच्या पोटातला विषाणू नवीनच होता, पण त्याचे गोत्र थेट रशियातल्या जंगली तापाशी जुळत होते. आता सायबेरियाचा पाहुणा शिमोग्याला कसा आला? संशय गेला हिवाळी पाखरांवर. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या देखरेखीखाली पाखरे धरून त्यांच्या पायांत कडी अडकवायला सुरुवात केली. पाखरांवरचा आरोप काही शाबीत झाला नाही, त्यांच्या प्रवासाची माहिती मात्र पुष्कळ जमली. असा निर्दोष आरोपी शास्त्राला अधूनमधून मिळावा!

२०२० साली आपण सारेच थोडेफार माग काढणारे झालो होतो. कोण कोणाला भेटले, कोण कोणाच्या शेजारी बसले, याच्या याद्या घरोघर चालल्या होत्या. माकडतापाला ही रीत लागू पडत नाही. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. तेव्हा आजाऱ्याला ‘कोणाला भेटलास?’ असे विचारून काही हाती लागत नाही. ‘कोणत्या वाटेने गेलास, कोठे बसलास?’ असे विचारावे लागते. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडलेले ते शरीर सोडून भोवतालच्या पाल्यात उतरतात, आणि पुढच्या गरम रक्ताची वाट पाहतात. मेलेले माकड म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. असे ठिपके जोडीत गेले की ताप रानात कोठे आहे ते माणूस आजारी पडण्याआधी कळू शकते. शंभर आजाऱ्यांत तीन ते पाच दगावतात, म्हणून हे ‘आधी’ फार मोलाचे.

जवळजवळ अर्धशतक हे ठिपके कर्नाटकाच्या चार-पाच जिल्ह्यांतच पडत होते. मग २०१२ साली बंडीपूर आणि निलगिरी, २०१३ साली वायनाड, २०१५ साली गोव्यातल्या सत्तरीचे पाली गाव, आणि २०१६ साली आपला दोडामार्ग. पुढे सावंतवाडी तालुक्यातले बांदेही. ताप इतकी मजल मारीत आला, की तो तेथे होताच आणि आपली नजर मात्र उशिरा पोचली? मला दोन्ही थोडेथोडे खरे वाटते. कच्छ-सौराष्ट्राकडच्या माणसांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा फार पूर्वीच सापडल्या होत्या. पण तेथे क्यासनूरसारखी साथ काही दिसली नाही. ठिपका पडायला रोग लागतो, तसा पाहणाराही लागतो.

आणि पाहणारा असतो कोण? काजूच्या दिवसांत मी तिकडे गेलो होतो. डिसेंबर ते मे हा गोचिडीच्या पिलांचा सुगीचा काळ, आणि त्यातच बोंडू गळतात. म्हणजे पातेऱ्यात बसून बी वेचणाऱ्या बायकांची आणि गोचिडींची वेळ एकच. एका बागेत एक आजी डोक्याला फडके बांधून, हातापायांना सरकारी दवाखान्यातले तेल चोळीत बसल्या होत्या. मी माकडांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “मेलेला माकड दिसला तर सांगूक व्हया, असा म्हणतत. पण सांगूचा कोणाक?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जंगल खात्याला सांगावे तर चौकशी मागे लागेल की काय ही धास्ती. दवाखान्यात सांगावे तर दवाखाना लांब, आणि ऐन हंगामात बाग बंद ठेवायला सांगतील ही भीती. एका दिवसाची बी गेली तर ती भरून देणार कोण? त्यातून वानर म्हणजे मारुतीराया. तो असा उघड्यावर पडलेला कसा ठेवायचा? म्हणून भाविक माणूस हळद-फूल घेऊन जवळ जातो, खड्डा खणतो. जेथे पाऊल टाकू नये नेमक्या तेथेच भक्ती त्याला घेऊन जाते, आणि ठिपका मातीखाली नाहीसा होतो.

त्या बाईंना मी विचारले, “मग आजी, तुम्ही काय करता?” त्या हसल्या. गेल्या वर्षी ओहोळापलीकडे एक माकड दिसले, तेव्हा त्यांनी लांबूनच हात जोडले आणि घरी जाऊन नातवाला पिटाळले. आरोग्यसेविका दुसऱ्या दिवशी आली. आठवडाभर त्या बाजूची बी कोणी वेचली नाही. बी किती गेली ते आजींना अजून पायलीच्या हिशेबात तोंडपाठ होते.